नाडी उत्तम आहे

थोरला जेवायला येणार म्हटल्यावर घरातल्या प्रत्येकाला काही ना काही झालं होतं. अण्णांच्या धाकट्या बहिणीची, आत्याबाईंची, कंबर धरली होती. धाकटा उगाच खिडकीचे गज पुसत होता. अण्णा सुट्टीचा दिवस असूनही सकाळीच खाली आपल्या वैद्यकीच्या दवाखान्यात जाऊन बसले होते, एकही रोगी नसताना. आणि माई एकच पातेलं दुसऱ्यांदा घासत होत्या.

"माई, ते स्वच्छ झालंय," धाकटी सून म्हणाली.

"असू दे गं. हाताला काहीतरी हवं."

धाकटी हसली. घरात तिला सगळे मास्तरीण म्हणत. शाळेशी तिचा काही संबंध नव्हता. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कापड बेतायची, आणि तिथले कारागीर तिला 'मास्तर' म्हणून हाक मारायचे. लग्नानंतर ते धाकट्याच्या कानावर आलं, आणि त्या दिवसापासून घरात तिची मास्तरीण झाली. आत्याबाईंना आधी ते नाव आवडलं नव्हतं. मग एकदा तिने त्यांचे सगळे झंपर नीट बेतून दिले, तेव्हापासून त्याच सर्वांत मोठ्याने तशी हाक मारू लागल्या.

थोरला आला तो हातात फळांची पिशवी घेऊन, पाहुण्यासारखा. माईंना ती पिशवी टोचली. पोटच्या पोराने आपल्याच घरी येताना हात भरून यावं, ही कुठली रीत! पण मागचं भांडणच तसं झालं होतं. अण्णांनी एका रोग्याला सांगितलं होतं, "त्या यंत्रवाल्यांकडे जाऊ नकोस, ते नुसते फोटो काढतात." आणि तो रोगी नेमका थोरल्याच्याच दारात फोटो काढायला गेला होता. सोनोग्राफीचा डॉक्टर तो. त्या दिवशी बापलेकांत जे शब्द गेले ते माईंनी मनातल्या मनातसुद्धा पुन्हा उच्चारले नव्हते. त्यानंतर थोरला यायचा तो फक्त फोनवर.

आज तो आला होता त्याला कारण होतं. दवाखान्याला लागून असलेलं दुकान रिकामं झालं होतं. तिथे यंत्र बसवावं असं थोरल्याच्या मनात होतं. धाकटा त्याच्या बाजूने होता. आत्याबाई विरुद्ध होत्या. मास्तरीण म्हणाली होती, "मला विचाराल तर भिंतीला रंग कुठला, एवढंच सांगेन." आणि माईंना यंत्राशी काही देणंघेणं नव्हतं. पोरगा रोज त्या जिन्याखालून ये-जा करेल, दुपारी वर येऊन चहा पिईल, एवढाच त्यांचा हिशेब होता.

"भिंत पाडायची नाही," पानावर बसल्यावर थोरला म्हणाला. "दार वेगळं. पाटी वेगळी."

"पाटी वेगळी आणि रोगी तेच," अण्णा म्हणाले.

"तेच. तुम्ही नाडी बघाल, मी आतलं बघेन. यात भांडायचं काय आहे, अण्णा?"

"मी कुठे भांडतोय? मी जेवतोय."

धाकट्याला हसू आलं. ते त्याने पाण्याच्या पेल्यात बुडवलं.

"म्हणजे दादाने सांगायचं," आत्याबाई अण्णांकडे बोट करत म्हणाल्या, "आणि लोकांनी शेजारच्या खोलीत जाऊन खात्री करून घ्यायची. उद्या तू आमच्या भाजीत मीठ आहे का तेही यंत्रात बघशील."

"आत्या, भाजीत मीठ कमी आहे, ते यंत्राशिवाय कळतंय."

"माझ्या हातची आहे ती," माई म्हणाल्या, आणि सगळे हसले. अण्णासुद्धा. माईंना वाटलं, जमतंय. थोडं थोडं का होईना, जमतंय.

तेवढ्यात अण्णांची नजर मास्तरणीच्या ताटाकडे गेली. ती भातात नुसती बोटं फिरवत होती. एरवी ही मुलगी जेवायला बसली की बघत राहावं. कारखान्यात दिवसभर उभी असायची, भूक कडकडून लागायची. अण्णांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग पुन्हा ताटाकडे.

"मास्तरीणबाई, हात धुवा आणि इकडे या. डावा हात."

ती गोंधळली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग माईंकडे.

"अहो, जेवताना कशाला?" माई म्हणाल्या.

"जेवण कुठे जातंय?"

मास्तरीण हात पुसत त्यांच्याजवळ जाऊन बसली. अण्णांनी तिचं मनगट धरलं, अंगठ्याखाली तीन बोटं टेकवली. एक बोट दाबलं, सोडलं, मग मधलं, मग तिसरं. अण्णांचे डोळे अर्धे मिटले. माईंनी तो चेहरा जन्मभर पाहिला होता. खालचा ओठ जरा पुढे आला की काहीतरी सापडलं आहे असं समजायचं. तो आता पुढे आला.

"गर्भ आहे," अण्णा म्हणाले. "भरलेली नाडी आहे. उत्तम."

हे सांगताना त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही. थोरल्याकडे पाहिलं. माईंना ते दिसलं. पण तेवढ्यात धाकटा उठून उभा राहिला होता, आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला होता, आणि मास्तरणीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. गेल्या वर्षी तिचं एक पडून गेलं होतं, अगदी सुरुवातीलाच. त्यानंतर या घरात तो विषय कोणी काढत नव्हतं. आता तो असा भर पंगतीत येऊन बसला होता.

"किती दिवस वर गेलेत?" थोरल्याने तिला विचारलं. त्याचा आवाज एकदम वेगळा झाला होता, कामावरचा. "पोटात दुखतंबिखतं का?"

मास्तरणीने तोंड उघडलं.

"ते विचारायची गरज नाही," अण्णा म्हणाले. "नाडीने सांगितलंय."

"आता बसव म्हणावं यंत्र!" आत्याबाई म्हणाल्या, आणि अशा खळखळून हसल्या की कंबर दुखत होती हे विसरूनच गेल्या.

मास्तरणीने तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने औषधाच्या दुकानातून तपासणीची पट्टी आणली. दोन रेघा उमटल्या. ती पट्टी आत्याबाईंनी जाणाऱ्या-येणाऱ्याला दाखवायचीच तेवढी बाकी ठेवली. अण्णा काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी दवाखान्यात त्यांचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. रिकाम्या दुकानाचा विषय आपोआप मागे पडला. थोरल्याचा माईंना फोन आला.

"अभिनंदन, माई. खरंच. पण तिचं आधीचं एक पडलंय, तेव्हा एकदा आत बघून घेऊ दे मला. माझ्याकडे नको असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा."

माईंनी ते अण्णांना सांगितलं.

"नाडी उत्तम आहे," अण्णा म्हणाले. "त्याला सांग, मी अजून जिवंत आहे."

माईंनी थोरल्याला एवढंच सांगितलं की बघू.

अण्णांच्या नाडीचं गावभर नाव होतं, आणि ते काही फुकट झालेलं नव्हतं. पण त्या नावातला एक भाग बाहेरच्या बाकावरचा होता, हे फक्त नवराबायकोलाच ठाऊक होतं. दवाखान्यात बायका आल्या की त्या आधी माईंजवळ बसत. माई त्यांना पाणी देत, सासूची चौकशी करत, पोरांची करत, आणि बोलता बोलता सगळं काढून घेत. पाळी कधीची, झोप कशी, कुठे दुखतं, नवरा कसा वागतो. ज्या गोष्टी बायका पुरुषासमोर मेल्या तरी बोलल्या नसत्या त्या माईंच्या बाकावर सांडत. मग माई आत जाऊन दोन वाक्यांत अण्णांना सांगत आणि बाईला आत पाठवत. अण्णा नाडी धरत. यात फसवाफसवी आहे असं दोघांपैकी कुणालाच कधी वाटलं नव्हतं. तपासायची त्यांची तीच पद्धत होती.

त्या रविवारी मात्र बाक नव्हता. माईंना हे पुढच्या आठवड्यात अधूनमधून सुचत राहिलं. मास्तरीण जिना चढताना मध्येच थांबे आणि उजव्या बाजूला, ओटीपोटाशी, हात दाबून धरे. माई बघत. आज विचारू, उद्या विचारू असं करत त्या थांबल्या. घरात सगळे इतके खूश होते. धाकट्याला पुलाच्या कामावर परत जायचं होतं. तो जाताना बायकोसाठी दोन उशा आणि माईंसाठी सूचनांचा भारा सोडून गेला. आत्याबाईंनी जुने मऊ कपडे शोधायला ट्रंका उघडल्या होत्या. अशा घरात जाऊन 'तुला कुठे दुखतं गं' असं विचारणं म्हणजे लग्नघरात शिंकण्यासारखं वाटत होतं.

मग एका दुपारी कारखान्यातून तिला दोघी मैत्रिणी टॅक्सीने घरी घेऊन आल्या.

"कापड कापत होती, आणि एकदम खाली बसली," एक म्हणाली. "पांढरीफटक झाली हो. आम्ही मशीन बंद करून धावलो."

मास्तरणीला वर नेऊन झोपवलं. अण्णा रोगी सोडून वर आले. खुर्ची ओढून त्यांनी तिचा डावा हात धरला. बराच वेळ धरला. मग सोडला, उजवा घेतला, पुन्हा डावा घेतला. माई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. अण्णांचा खालचा ओठ पुढे आला नाही.

"काय म्हणते?" आत्याबाईंनी दारातून विचारलं.

"उत्तम आहे," अण्णा म्हणाले. मग जरा थांबून, "वात चढलाय थोडा. दिवसभर उभं राहायचं काम. चूर्ण देतो, कोमट पाण्याबरोबर घेऊ दे. झोपू दे."

"मला सांगूच नका," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या वेळी मी महिनाभर भिंत धरून चालत होते. पोर झालं की सगळं विसरायला होतं."

अण्णा खाली गेले. आत्याबाई चूर्ण आणायला त्यांच्या मागे गेल्या. माईंनी दार लोटलं आणि पलंगावर सुनेच्या उशाशी बसल्या. इतक्या वर्षांत हजार बायकांना विचारलेलं आपल्याच घरात विचारायला त्यांना आठवडा लागला होता.

"मास्तरीण, मला बोटाने दाखव. कुठे दुखतं?"

तिने पांघरुणावरून उजवी बाजू दाखवली. मग तेच बोट वर नेलं. "आणि इथे. खांद्यात."

"खांद्यात? तागे उचललेस का?"

"नाही. आज नाही उचलले. उताणं झोपलं की जास्त दुखतो."

"अंगावर जातंय?"

तिने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

"अगं, मी विचारतेय."

"परवापासून. थोडं थोडं. काळपट."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

मास्तरणीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती रडली नाही. "अण्णा म्हणाले ना, उत्तम आहे. मला वाटलं, मी बोलले की ते खोटं ठरेल. आणि ते खोटं ठरायला नको होतं मला, माई. मागच्या वेळीही आधी मीच बोलले होते."

माईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला. ते थंड होतं, आणि ओलं. उठून त्यांनी कोपऱ्यातून फोन उचलला आणि थोरल्याला लावला. त्याने हॅलो म्हणायच्या आत सगळं सांगितलं. बाजू, खांदा, काळपट जाणं, चक्कर.

"माई, तिला उठवू नकोस. पाणीसुद्धा देऊ नकोस. मी रुग्णवाहिका पाठवतो आणि इथे सर्जनला सांगून ठेवतो."

"काय झालं असेल रे?"

"मूल गर्भपिशवीत नसेल. नळीत रुजलं असेल, आणि नळी फुटली असेल. पोटात रक्त साचलं की खांदा दुखतो. माई, कुणाशी वाद घालत बसू नकोस. समजलं? कुणाशीही नाही."

कुणाशी ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

रुग्णवाहिका आली तेव्हा दवाखान्याच्या बाकावर रोगी बसलेले होते. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन जिना चढू लागली तसे अण्णा बाहेर आले आणि खालच्या पायरीवर उभे राहिले. स्ट्रेचर खाली आलं तरी ते हलले नाहीत. त्यांच्या मागे आत्याबाई, हातात चूर्णाची पुडी आणि कोमट पाण्याचा पेला.

"कुठे नेताय तिला?"

"दवाखान्यात," माई म्हणाल्या.

"हा काय आहे मग?"

बाकावरचे लोक ऐकत होते. अण्णांनी आवाज खाली आणला. "अगं, मी आत्ता नाडी पाहिली. हलवाहलवी केलीस तर आहे तेही जाईल. थोरल्याने काहीतरी सांगितलं असणार."

"मी तिला विचारलं. तिने सांगितलं."

"मी सांगितलेलं पुरलं नाही?"

स्ट्रेचरवर मास्तरणीने डोळे मिटून घेतले होते. तिच्या ओठांचा रंग गेला होता. माईंनी अण्णांच्या डोळ्यांत पाहिलं. लोकांसमोर त्यांनी नवऱ्याला कधी उलट उत्तर दिलेलं नव्हतं. खोलीत दिलेलं होतं, पुष्कळदा, पण लोकांसमोर नाही.

"तुम्ही सांगितलंत मूल आहे. असेल. ते कुठे आहे, हे कळलं का नाडीत?"

अण्णांनी स्ट्रेचरवरच्या हाताकडे पाहिलं.

"कळलं का?"

"ते नाडीत..." अण्णा म्हणाले आणि थांबले.

"मग बाजूला व्हा."

"वहिनी!" आत्याबाई म्हणाल्या. पण अण्णा बाजूला झाले होते. स्ट्रेचर जिन्याखालच्या बोळात अडलं, काही केल्या वळेना. मग अण्णांनीच दवाखान्याचं दुसरं दार उघडलं, रोग्यांना उठवलं, तपासणीचं टेबल दोन्ही हातांनी रेटून भिंतीला लावलं, आणि आपल्या खोलीतून त्या माणसांना रस्त्यावर वाट करून दिली. गाडी हलली तेव्हा ते दारात उभे होते, आणि त्यांच्या मागे बाकावरचे सगळे लोक.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्या एका दांड्याला जोडलेल्या होत्या. एक जण उठला की सगळे हलत. माई एका टोकाला बसल्या होत्या. थोड्या वेळाने खुर्च्या हलल्या. अण्णा येऊन बसले होते, आणि त्यांच्या पलीकडे आत्याबाई. धाकटा पुलावरून निघाला होता, वाटेत होता.

थोरला शस्त्रक्रियेच्या खोलीतून बाहेर आला तो डोक्यावर हिरवी टोपी घालून. तो माईंसमोर उकिडवा बसला, लहानपणी बसायचा तसा.

"वाचली," तो म्हणाला. "एक नळी काढावी लागली. दुसरी चांगली आहे. रक्त चढवतायत."

माईंनी त्याचा हात धरला आणि सोडला नाही.

"पोटात किती रक्त होतं?" अण्णांनी विचारलं.

बापाने आपल्याला असं, वैद्याने वैद्याला विचारावं तसं, कधी काही विचारल्याचं थोरल्याला आठवत नसावं. त्याने मान वर करून पाहिलं. "पुष्कळ. अजून थोडा वेळ गेला असता तर इथपर्यंत आणून उपयोग नव्हता."

अण्णांनी मान हलवली.

"पण मूल होतं ना?" आत्याबाई पुढे झुकल्या. खुर्च्या हलल्या. "होतंच ना? म्हणजे दादाची नाडी चुकली नाही. जागा चुकली, ते देवाच्या हातात."

थोरला ताडकन उठला. त्याच्या तोंडून काय निघणार ते माईंना दिसलं. मागच्या भांडणातलं सगळं पुन्हा येणार होतं, व्याजासकट. त्यांनी त्याचा हात ओढला. पण त्याच्या आधी अण्णाच बोलले.

"अगं, तू घरी जा. धाकटा येईल, त्याला जेवायला लागेल."

"मी काय वाईट बोलले?"

"जा म्हटलं ना."

आत्याबाई पदर सावरत गेल्या. थोरला आत गेला. खुर्च्यांच्या रांगेत दोघंच उरले.

"तू नेहमी आधी विचारायचीस," अण्णा म्हणाले. "या वेळी का नाही विचारलंस?"

माईंना एकदम संताप आला. "तुम्ही विचारू दिलंत? थोरल्याने विचारलं तर तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत. तिचंही केलंत. आणि मीही बावळट, घरात आनंद आहे म्हणून गप्प बसले."

अण्णा खाली फरशीकडे बघत राहिले. "दुपारी नाडी बारीक लागली मला," ते म्हणाले. "दोऱ्यासारखी. पळत होती. रक्त जाणाऱ्या माणसाची लागते तशी. मी ओळखतो ती नाडी. म्हणून तर हात बदलून बघितला."

माई त्यांच्याकडे वळल्या.

"कळलं होतं तुम्हाला?"

"कळलं होतं. पण एकदा उत्तम म्हणून बसलो होतो. थोरल्यासमोर म्हटलं होतं. तोंडातून वात निघालं."

अण्णांना कळलंच नसतं तर माईंनी समजून घेतलं असतं. वय झालं, बोटं थकली, असं म्हणता आलं असतं. त्या उठल्या आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन खिडकीशी उभ्या राहिल्या. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा हात हलवून दाखवत होता. परत येऊन बसल्या तेव्हाही त्यांनी मध्ये एक खुर्ची रिकामी ठेवली.

मास्तरीण शुद्धीवर आली ती नवऱ्याचा हात शोधत. तो तोवर पोचला होता, बुटांना सिमेंट तसंच. तिने विचारलं, "खरंच होतं का?" धाकट्याने मान डोलावली. मग ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, घरी आली तेव्हाही नाही. खायला दिलं की खायची, औषध दिलं की घ्यायची. टाक्यांवर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. धाकट्याने रजा काढली होती. तो तिच्याशी पुलाबद्दल बोलत बसायचा, कारण दुसरं काय बोलावं त्याला कळत नव्हतं. थोरला आता रोज येत होता. हात रिकामे घेऊन येत होता. एकदा अण्णांनी त्याला जिन्यात थांबवून विचारलं, "त्या दुकानाचं काय करायचं?" तो म्हणाला, "आत्ता नको, अण्णा. या कारणाने तर अजिबात नको." आणि वर निघून गेला.

दवाखाना काही दिवस बंद होता. उघडला त्या सकाळी बाक भरला. बातमी फिरली होती, आणि फिरताना तिने आपले कपडे बदलले होते. बरेच लोक औषधाला कमी आणि ऐकायला जास्त आले होते. माई वर सुनेच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होत्या. जिन्याचं दार उघडं होतं, त्यामुळे खालचं सगळं ऐकू येत होतं. आत्याबाई बाकावर बसून सांगत होत्या.

"नुसतं मनगट धरलं हो दादाने, भर पंगतीत. आणि सांगितलं, गर्भ आहे. पट्टीने दुसऱ्या दिवशी सांगितलं, दादाने आदल्या दिवशी! पुढचं काय, नशीब एकेकाचं. पण नाडी काही खोटी..."

माईंच्या हातातली घडी तशीच राहिली. भिंतीकडे तोंड केलेल्या मास्तरणीच्या खांद्याला ताठरपणा आला, तो त्यांना पाठीमागूनही दिसला.

खाली खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"अगं, अर्धं सांगू नकोस," अण्णांचा आवाज आला.

"अरे दादा, मी कुठे..."

"अर्धं सांगतेस. उठ, मला बसू दे तिथे."

बाकाची फळी करकरली. मग अण्णा बोलू लागले, रोग्यांना पथ्य सांगायचे त्याच आवाजात, ना वर ना खाली.

"माझ्या सुनेला दिवस गेलेत हे मी सांगितलं, ते बरोबर निघालं. इथवर हिने सांगितलं. त्यानंतर तिला आत बघून घ्या असं माझा मुलगा म्हणाला. मी नको म्हटलं. नाडीत मूल कुठे आहे ते कळत नाही. मला नाही, कुणालाच नाही. ते मला ठाऊक होतं आणि तरी मी नको म्हटलं. मग तिच्या पोटात दुखायला लागलं..."

माई उठल्या. पोरीला हे आता पुन्हा ऐकायला नको, असं वाटून त्या दाराकडे गेल्या आणि कडीला हात घातला.

"माई."

किती दिवसांनी तो आवाज नीट ऐकू आला होता. मास्तरीण कुशीवर वळली होती. एक हात टाक्यांवर, दुसऱ्याने पलंगाची कड धरलेली. तिचे डोळे भरून आले होते, आणि या वेळी ते थांबवायचं तिच्या मनात दिसत नव्हतं.

"लावू नका," ती म्हणाली. "सगळं सांगतात का, ते ऐकायचंय मला."

माईंनी कडी सोडली. खाली अण्णा सांगत होते, की त्या दुपारी नाडी दोऱ्यासारखी लागली होती, आणि ती कशाची नाडी असते हे त्यांना कळलं होतं. माई परत येऊन सुनेच्या उशाशी बसल्या आणि दोघी दाराकडे तोंड करून ऐकत राहिल्या.